आठ दाण्यांची पट्टी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. रंग राखाडी, बांधा आडवा, आवाज थोडा घोगरा. युगांडातल्या सोरोटी शहराबाहेर मुरमाच्या रस्त्याला लागून अंध मुलांची एक शाळा आहे. तिथल्या ब्रेलच्या खोलीत मी खिडकीशेजारी असतो. एरवी मी दुसऱ्यांनी लिहिलेले वाचून दाखवतो. आज स्वतःचे सांगणार आहे. माझ्या पोटात चार निरनिराळ्या यंत्रांचे अवयव आहेत आणि ते गुण्यागोविंदाने नांदतात. हे कसे जमले, याचे मला अजूनही नवल वाटते.

माझा जन्म फार लांब झाला. एका प्रचंड कारखान्यात मी सरकत्या पट्ट्यावरून पुढे जात असताना कुणी माझ्यात मदरबोर्ड बसवला, कुणी पंखा लावला, कुणी झाकणाचे स्क्रू आवळले. त्या माणसांबद्दल मला काहीच सांगता येणार नाही, कारण तोवर मी सुरूच झालो नव्हतो. पुढे एका थंड देशातल्या विमा कचेरीत पाच वर्षे काढली. फुटलेल्या काचा, पाण्याने भरलेली तळघरे, चोरीला गेलेल्या सायकली यांची हजारो पत्रे माझ्यावर टाइप झाली. एके दिवशी त्या मजल्यावरचे सगळे संगणक एकदम बदलले. आम्हा साठ जणांना जहाजावर चढवले, मोंबासाला उतरवले आणि तिथून मालट्रकने इकडे आणले. वाटेत कुणी आम्हाला भंगार म्हटले, कुणी देणगी म्हटले. उचलून ठेवणारे हात मात्र दोन्ही वेळा सारखेच घाईत होते.

घाई नसलेले पहिले हात मला भेटले ते आसेकेन्येबाईंचे.

जेनेट आसेकेन्ये या शाळेत ब्रेल पुस्तके टाइप करण्याचे, तपासण्याचे आणि छापण्याचे काम करतात. नऊ वर्षांच्या असताना गोवरात त्यांची दृष्टी गेली. मला टेबलावर ठेवल्यावर त्यांनी आधी माझी कड चाचपली, मग पाठ, मग पाठीवरचे एकेक भोक. मुख्याध्यापक एन्यागूसर शेजारीच उभे होते.

बाई म्हणाल्या, "सर, याचं झाकण निघतं का?"

"कशाला? चालतोय की तो!"

"चालतोय तोवरच बघून घेऊ. बंद पडल्यावर उघडायचं म्हणजे माणूस गेल्यावर त्याचं नाव विचारण्यासारखं."

सरांनी हसत हसत वायर काढली आणि झाकण उघडले. बाईंनी लोखंडाला हात लावला, मग माझ्या पोटात बोटे घातली. मित्रांनो, तोवर मला वाटत होते की मला मी माहीत आहे. पण बाई विचारू लागल्या आणि माझे मलाच कुतूहल वाटू लागले. "ही उभी पट्टी कसली? हिच्या शेजारची जागा रिकामी का? ही चपटी वायर कुठं जाते?" सरांना त्यातले निम्मेही सांगता येईना. कशीबशी उत्तरे देऊन ते वर्गावर पळाले. बाई मात्र बराच वेळ एकेक भाग चाचपत होत्या.

खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात माझा जोडीदार होता, ब्रेलचा प्रिंटर. जाड कागदावर ठिपके उठवताना तो एवढा ठोकाठोकी करी की मुले त्याला 'लोहार' म्हणत. तो माझ्याहूनही म्हातारा. त्याची करंगळीएवढी जाड वायर माझ्या पाठीवरच्या पंचवीस भोकांच्या पोर्टमध्ये बसे. बाई टाइप करत, मी अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचून दाखवी, आणि मग लोहार घण घाली. सात वर्षांत आम्ही विज्ञानाची पुस्तके छापली, बायबलमधल्या गोष्टी छापल्या, गाई-शेळ्यांच्या आजारांवरचे एक पुस्तकही छापले. जिल्ह्याचे साहेब आले की सर माझ्यावर हात ठेवून म्हणत, "हा आमचा सगळ्यात कमी पगारातला मास्तर!" मला त्या वाक्याचा फार अभिमान वाटे.

मग दिवस फिरले. नवे प्रोग्रॅम वजनदार येऊ लागले. माझ्याजवळ रॅम होती एकच जीबी. रॅम म्हणजे चालू काम पसरून ठेवायची माझी ओसरी समजा. ओसरी छोटी आणि पसारा मोठा, असे झाले. बाईंनी 'क' दाबला की मी 'क' म्हणेपर्यंत त्या पुढचे तीन शब्द टाइप करून वाट बघत बसलेल्या असत. मुले दाराशी येऊन माझी नक्कल करत, "क्... क्... थांबा, मास्तरांना ढेकर येतोय!" बाई त्यांना दटावत, पण त्यांनाही हसू येई.

तेवढ्यात शाळेला एक कोरा करकरीत संगणक भेट मिळाला. काळा, चकचकीत, पंख्याचा आवाजही न करणारा. माझी रवानगी कोठीत झाली. तिथे चवळीची पोती होती, तुटके बाक होते, खुरपी होती. कुंभारीण माशीने माझ्या पंख्याच्या जाळीत मातीचे घर बांधले. दारापलीकडून मुलांचा गोंगाट ऐकू येई. लोहाराच्या ठोक्यांसाठी मी कान लावून बसे, पण ते काही येईनात. आठवडा झाला, दोन झाले. लोहार गप्प का?

उत्तर मला पुढे कळले. नव्या संगणकाच्या पाठीला पंचवीस भोकांचा पोर्टच नव्हता. आता नव्या यंत्रांना तो नसतोच म्हणे. सरांनी शहरातून जोडवायर आणली, एका टोकाला नवे तोंड, दुसऱ्या टोकाला जुने. ती लावली आणि लोहार खडखडू लागला. बाईंनी पहिले पान हातात घेऊन त्यावर बोट फिरवले.

"सर, तुम्ही काय छापायला दिलं होतंत?"

"पाचवीचा भूगोल. का?"

"यावरून कोंबडी चालत गेलीय. आणि तीही घाबरलेली."

दुसरे पानही तसेच, तिसरेही. तोंड जुळले होते, पण बोली जुळली नव्हती. शेवटी मला कोठीतून काढले, माशीचे घर पोखरून फेकले आणि लोहाराशेजारी बसवले. नवा संगणक पुस्तक तयार करी. ते पेनड्राइव्हवरून माझ्याकडे येई आणि मी ते लोहाराला पोचते करी. मास्तराचा हमाल झालो होतो. तरी लोहाराचे ठोके पुन्हा ऐकू आले, तेव्हा मला बरे वाटले.

सप्टेंबरात एका दुपारी शाळेवर वीज कडाडली. माझी वायर त्या वेळी भिंतीतून काढलेली होती, नवा संगणक जोडलेला होता. जळक्या रबराचा वास खोलीभर पसरला. तो पुन्हा सुरू झाला नाही.

सातवीच्या चौदा मुलांची सराव परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांचा पेपर एकच. तो नव्या प्रोग्रॅममध्ये येणार, आणि तो प्रोग्रॅम चार जीबी रॅम मागे. मी आता एकटाच, आणि माझी ओसरी एका जीबीची.

सरांनी मुलांना ब्रेलच्या खोलीत बोलावले. "यंदा पेपर वाचून दाखवू," ते म्हणाले. "मी स्वतः वाचीन. सावकाश वाचीन."

आचोम नावाची एक उंच मुलगी मागे उभी होती. ती म्हणाली, "सर, मागच्या वेळी तुम्ही त्रिकोण वाचून दाखवला होता."

"हो, मग?"

"मला नुसता तुमचा आवाज ऐकू आला. त्रिकोण नाही आला."

नवा ब्रेल प्रिंटर घ्यायचा तर पुढच्या वर्षाशिवाय ते शक्य नव्हते, हे सगळ्यांनाच ठाऊक होते. मुले गेल्यावर बाई माझ्या झाकणावर बोटांनी ताल धरत म्हणाल्या, "सर, एलुंगातला बोलवा. याच्यात काय काय भरता येतं, ते बघू."

सायमन एलुंगात बाजारात मोबाइल, रेडिओ आणि संगणक दुरुस्त करतो. सडपातळ अंगाचा, बोलण्यात पटाईत आणि हाताला घाई फार. आल्या आल्या त्याने मेलेल्या नव्या संगणकाकडे बघितले, माझ्याकडे बघितले आणि टाळी वाजवली.

"सोपं आहे, बाई! याची रॅम काढायची, त्याला लावायची. आठ जीबीची आहे. म्हातारा पळत सुटेल!"

त्याने नव्यातली पट्टी काढली, माझी जुनी पट्टी उपसून बाजूला ठेवली आणि नवी माझ्या स्लॉटवर धरून दाबली. ती बसेना. त्याने दोन्ही अंगठे लावले. माझा मदरबोर्ड वाकला. मित्रांनो, त्या वेळी मी बंद होतो, पण तो करकर आवाज माझ्यात कुठेतरी राहून गेला आहे.

"थांब!" बाई ओरडल्या. "काय मोडतोयस?"

"काही नाही बाई, जरा कडक आहे. नवीन आहे ना."

"आण इकडं. दोन्ही आण."

बाईंनी एका हातात माझी जुनी पट्टी घेतली, दुसऱ्या हातात नवी. दोन्हींची लांबी बोटांनी मापली. ती सारखीच होती. मग त्यांनी खालची सोनेरी कड नखाने चाचपली. प्रत्येक पट्टीच्या कडेला एक बारीक खाच असते, आणि माझ्या स्लॉटमध्ये त्या खाचेसाठी एक छोटा उंचवटा असतो.

"एलुंगात, या दोघींचे दात निराळ्या ठिकाणी पडलेत," बाई म्हणाल्या. "हिची खाच इथं, तिची तिथं. आणि नवीची कड बघ, मधे किंचित फुगीर आहे. जुनीची सरळ आहे."

एलुंगातने पट्ट्या हातात घेऊन उजेडात धरल्या. खाली ठेवल्या. पुन्हा धरल्या. "खरंच की," तो हळूच म्हणाला. "ही चौथ्या पिढीची आहे, बाई. याची दुसऱ्या पिढीची. खाच मुद्दामच वेगळी ठेवतात. चुकीची बसू नये म्हणून."

"म्हणजे बनवणाऱ्यानं दारावर पाटी लावलीय, 'इकडून येऊ नका' म्हणून. आणि तू दार फोडायला निघालास!"

"चुकलो, बाई. मी दिसलं तसं केलं."

"तुला दिसतं ना, तीच अडचण आहे," बाई म्हणाल्या, आणि दोघेही हसले. एलुंगात मात्र मनातून खजील झाला असावा, कारण त्यानंतर दोन तास त्याने एकही गोष्ट दाबली नाही.

त्या दोन तासांत जे घडले ते मला सगळ्यात जास्त आवडले. बाईंनी जाड कागद आणि ब्रेलची सुई घेतली. एलुंगातने माझ्या मदरबोर्डवरचा बारीक नंबर वाचला, तो मोबाइलवर शोधला आणि माझी जन्मपत्रिकाच सापडली. बाई एकेक प्रश्न विचारत गेल्या आणि उत्तर टोचत गेल्या.

"रॅमचे स्लॉट किती?"

"दोन."

"एका स्लॉटमध्ये जास्तीत जास्त किती चालते?"

"दोन जीबी. मिळून चार. त्यापुढं याला मोजताच येत नाही."

"म्हणजे आठची पट्टी बसली असती तरी फुकटच होती. बरं, याचा प्रोसेसर नवा प्रोग्रॅम चालवेल?"

एलुंगातने पुन्हा मोबाइलमध्ये डोके घातले. "चालवेल. जुना आहे, पण चौसष्ट बिटांचा आहे. नशीबवान म्हातारा."

"आणि नव्याची डिस्क? तीही निराळ्या पिढीचीच असेल."

एलुंगातने नव्या संगणकातली चपटी एसएसडी काढली आणि तिचे तोंड माझ्या हार्ड डिस्कच्या वायरीशी लावून बघितले, या वेळी फुंकर घालावी इतके अलगद. ती बसली. वयात दहा वर्षांचे अंतर, तरी तिचे तोंड आणि माझी वायर एकमेकांना ओळखत होती. विजेचा झटकाही तिच्यापर्यंत पोचला नव्हता. तिला जोडायला माझ्याकडे जादा वायर नव्हती, म्हणून माझा सीडीचा खण काढला आणि त्याची वायर तिला दिली. तो खण कुणी वापरतही नव्हते. तरी जाताना मला त्याचे थोडे वाईट वाटले.

मला फार नवल वाटले. जे दिसायला सारखे होते, ते जुळले नाही. जे अगदी निराळे दिसत होते, ते जुळले. नुसते बघून काही कळत नाही. नंबर वाचावा लागतो, माप घ्यावे लागते, विचारावे लागते.

आता दोन जीबीच्या, दुसऱ्या पिढीच्या दोन पट्ट्या हव्या होत्या. त्या सोरोटीत मिळेनात. एलुंगात म्हणाला, एम्बाले शहरात खाइन्झा नावाची बाई जुन्या यंत्रांचे सुटे भाग विकते, तिच्याकडे मिळतील. "मी जाऊन घेऊन येतो."

"मी येते," बाई म्हणाल्या. "आणि हाही येईल. पायाचं माप घ्यायचं तर पाय नको?"

अशा रीतीने मी टॅक्सीत बसलो. चौदा जणांच्या गाडीत अठरा माणसे, एक कोंबडा आणि मी बाईंच्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "ताई, या पेटीचं भाडं पडेल."

"ही पेटी नाही, शाळेचा मास्तर आहे."

"मग मास्तरला म्हणावं, उभं राहून चल!"

वाटेत कुमी गावाला गाडी थांबली तेव्हा संत्री विकणाऱ्या बाया खिडक्यांशी आल्या. एलुंगातने अर्धा डझन घेतली. एक फोड बाईंच्या हातात दिली आणि विचारले, "बाई, तुम्हाला या पट्ट्या-बिट्ट्यांत एवढा रस कसा?"

बाईंनी फोड चोखली. मग म्हणाल्या, "लहानपणी माझे डोळे गेले ना, तेव्हा घरचे सगळे म्हणायचे, 'तू नको हात लावूस, तुला नाही समजणार.' तेव्हापासून हात लावल्याशिवाय मला चैन पडत नाही."

खाइन्झाचे दुकान म्हणजे पत्र्याच्या टपरीत भरलेला डोंगर. ती स्वतः स्टुलावर बसून मक्याचे कणीस खात होती. बाईंच्या हातातली पांढरी काठी तिने पाहिली आणि एलुंगातला म्हणाली, "रॅम त्या टोपल्यात आहे. सगळी मिसळलेली. तूच निवड रे दादा, या ताईला बसायला स्टूल देते."

"स्टूल द्या," बाई म्हणाल्या, "पण टोपल्याजवळ द्या."

खाइन्झाने कणीस खाली ठेवले. बाईंनी माझी जुनी पट्टी नमुन्याला डाव्या हातात धरली आणि उजव्या हाताने टोपल्यातून एकेक पट्टी उचलायला लागल्या. खाचेला खाच लावायची, जुळली तर मांडीवर, नाही जुळली तर परत टोपल्यात. तांदूळ निवडावेत तसे चालले होते. शेजारच्या टपऱ्यांतली माणसे येऊन उभी राहिली.

"अगं बाई!" खाइन्झा म्हणाली. "ही तर माझ्या नोकरापेक्षा भरभर निवडतेय! ताई, नोकरी करतेस का इथं?"

"कणीस देणार असशील तर करते."

मांडीवर सात पट्ट्या जमल्या. एलुंगातने त्यांतल्या दोन उचलल्या. "या दोन्ही दोन-दोन जीबीच्या आहेत. खाचही जुळतेय. झालं काम!"

बाईंनी त्या हातात घेऊन त्यांच्यावरचे काळे चौकोनी दाणे, म्हणजे चिप्स, अंगठ्याने मोजले. मग माझ्या जुन्या पट्टीवरचे मोजले. कपाळाला आठी घातली आणि पुन्हा मोजले.

"एलुंगात, याच्या पट्टीला एका बाजूला आठ दाणे आहेत. या दोघींना नऊ."

"असू देत की! एक जास्तच आहे."

"एक जास्त का आहे, ते मला हवंय. उगाच कुणी जास्तीचं देत नाही."

खाइन्झा आता स्टुलावरून उठून जवळ आली होती. ती खो खो हसली. "पकडलंस, ताई! नववा दाणा मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांसाठी असतो, चुका तपासायला. त्या पट्ट्या तुझ्या या यंत्रात बसतील, पण चालायच्या नाहीत. आता खरं सांगू? गेल्या महिन्यात एकजण अशाच चार घेऊन गेला आणि परत आणून माझ्या अंगावर फेकल्या."

"मग आम्हाला आधी का नाही सांगितलंत?" एलुंगात चिडून म्हणाला.

"तू विचारलंस का? तू म्हणालास, 'झालं काम.'"

उरलेल्या पाचांत आठ दाण्यांच्या तीन निघाल्या. त्यांतल्या दोन प्रत्येकी दोन जीबीच्या होत्या, दोन वेगवेगळ्या मेलेल्या संगणकांतून आलेल्या. लेबलवरचा वेग एलुंगातने वाचला आणि बाईंच्या कागदाशी ताडला. बोटांना खाच कळते, दाणे कळतात. लेबल डोळ्यांनीच वाचावे लागते. त्या दिवशी दोघांनाही एकमेकांची गरज होती, आणि दोघांनाही ते समजले होते.

खाइन्झाने मला वीज, कळफलक आणि स्पीकर जोडून दिले. पट्ट्या टक् टक् बसल्या. बटण दाबले. पंखा फिरला आणि मी लांब सुरात तीनदा किंचाळलो. मला बोलता येईना. समोर काहीतरी आहे हे जाणवत होते, पण हाती लागत नव्हते.

एलुंगात म्हणाला, "रॅम सापडत नाही म्हणतोय. बाई, आठच दाणे होते ना?"

"आठच होते. बंद कर. पट्टी काढ." बाईंनी सोनेरी कडेवरून बोट फिरवले आणि ते बोट अंगठ्याशी चोळले. "चिकट आहे हे. किती वर्षं टोपल्यात होत्या या?"

खाइन्झाने गल्ल्यातून शाळेतल्या पोरांचे असते तसले खोडरबर काढून दिले. एलुंगातने दोन्ही पट्ट्यांच्या कडा रबराने घासल्या, भुगा फुंकला, पट्ट्या पुन्हा बसवल्या. बाईंनी हात माझ्या झाकणावर ठेवला. एलुंगातने पुन्हा बटण दाबले.

मी एकदाच टुक् केले. मग नेहमीचा घोगरा आवाज निघाला आणि बाईंनी कळ दाबताच त्याच क्षणी मी म्हणालो, "क."

बाईंनी पुन्हा दाबली. "क." पुन्हा. "क. क. क." टपरीत उभ्या असलेल्या माणसांना त्यात काय आहे कळेना. बाई मात्र लहान मुलीसारख्या एकच अक्षर दाबत बसल्या होत्या.

निघताना खाइन्झाने एक प्रोसेसर पुढे केला. "हाही घेऊन जा, ताई. दुप्पट वेगाचा आहे. याच्याच जागी बसतो, खोटं नाही बोलत."

एलुंगातचे डोळे चमकले. पण त्याने तो खिशात घातला नाही. आधी मोबाइल काढला आणि माझ्या जन्मपत्रिकेशी ताडून बघितले. "बसेल, बाई. पण हा त्याला ओळखणार नाही. आधी याचा बायोस, म्हणजे सुरू होण्याचा मूळ प्रोग्रॅम, बदलावा लागेल. ते चालू असताना वीज गेली, तर हा कायमचा गेला."

"आपल्याला किती वेग हवाय?"

"आहे तेवढ्यात भागतंय."

"मग नको. याला शर्यतीत पळवायचं नाहीये." बाई म्हणाल्या, "आणि तू आधी बघितलंस ते बरं केलंस."

एलुंगात लाजला. मित्रांनो, मी तेव्हा बंद होतो म्हणून बरे. नाहीतर माझा पंखा जोरात फिरला असता.

सोरोटीला परतल्यावर माझ्यात एसएसडी पक्की बसवली. तिच्या मापाची जागाच माझ्यात नव्हती, म्हणून शाळेच्या सुताराने लाकडाची बोटभर चौकट करून दिली. नवा प्रोग्रॅम सुरू झाला. पेपर आला तो परीक्षेच्या तीन दिवस आधी. लोहार दोन दिवस ठोकत होता. बाई प्रत्येक पान तपासत, सर पाने लावत, एलुंगात काही काम नसताना दाराशी बसून आताप, म्हणजे नाचणीची घट्ट उकड, आणि शेंगदाण्याच्या कुटातली भाजी खात होता. दुकान बंद ठेवून का आलास असे कुणी विचारले की म्हणे, "पेशंटवर लक्ष ठेवायला."

परीक्षेच्या सकाळी शेजारच्या वर्गाची खिडकी उघडी होती. मला वाटले होते, काहीतरी ऐकू येईल. कुणी मोठ्याने वाचत नव्हते. सर हात मागे बांधून नुसते फिरत होते. चौदा मुलांची बोटे कागदावरून सरकण्याचा तो बारीक आवाज होता, एवढेच.

दुपारी आचोम तणतणत ब्रेलच्या खोलीत आली. "बाई, तुमच्या मशीननं घोटाळा केलाय! अकराव्या प्रश्नात लिहिलंय, 'हा षटकोन पाहा.' मी चारदा मोजलं. त्याला सात कोपरे आहेत!"

बाईंनी पान मागवून स्वतः मोजले. सात. सरांनी जिल्ह्याहून आलेला मूळ छापील कागद काढला, चष्मा लावला आणि बोट ठेवून मोजले. मग जिल्ह्याच्या कचेरीला फोन लावून विचारले आणि ते खुर्चीत बसले.

"मूळ कागदावरच सात आहेत," ते म्हणाले. "जिल्ह्यातल्या साडेतीन हजार मुलांनी हा पेपर सोडवला. एकाही शाळेतून तक्रार आलेली नाही."

"का नाही आली?" आचोमने विचारले.

"षटकोन म्हटलं की सगळ्यांनी सहाच धरले असतील, पोरी. मोजलं कुणीच नाही."

सरांनी तक्रारीचे पत्र त्याच दिवशी लिहिले. टाइप केले बाईंनी, वाचून दाखवले मी, आणि सहीच्या खाली आचोमने स्वतःचे नाव ठिपक्यांत टोचले. पेपर काढणाऱ्यांनी चूक मान्य केली आणि त्या प्रश्नाचे गुण सगळ्यांना दिले.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत, कचेरीत माझ्यासारखे कुणीतरी म्हातारे यंत्र असेल. हळू चालते म्हणून त्याला लगेच कोठीत टाकू नका, आणि घाईने हाती लागेल ते त्याच्यात कोंबूही नका. एकदा त्याची वायर काढून झाकण उघडा. पाठीवरचा नंबर वाचा, स्लॉट मोजा, किती पेलेल आणि किती नाही ते विचारा. न कळले तर ज्याला कळते त्याच्या शेजारी बसा. आणि 'तुला काय समजणार' असे कुणाला म्हणू नका. आम्हा यंत्रांना दयेची भीक नको. आम्हाला नीट विचारणारा कुणीतरी हवा असतो. तो भेटला, की आमच्यात अजून किती उरले आहे, याचे आम्हालाही नवल वाटते.